भाऊ ताट पुढे का सरकवतो

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे कोण काय बोलतं हे कळल्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नसे, तिला हे ठाऊक नसेल कसं? तिचं काम तपासणीचं. शिवून आलेला शर्ट दिव्याखाली धरायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, सुटलेला दोरा, ढिलं बटण हुडकायचं आणि शर्ट परत पाठवायचा. दोष नसलेला शर्ट हाती आला, की ती तो पुन्हा तपासायची. इतका चांगला निघालाच कसा, म्हणून.

माणसांनाही तिने असंच दिव्याखाली धरलं होतं. शेजारणीने वाटीभर सूप आणून दिलं, की हिला आता काय हवंय? चर्चच्या पाळकांनी तब्येत विचारली, की यांचे कान कुणी भरले? शेजाऱ्यावर प्रीती करा, हा उपदेश ऐकून बाई घरी यायची आणि आधी दाराची दोन्ही कुलपं ओढून बघायची.

रक्ताचं माणूस म्हणून तिला एकच उरलं होतं, धाकटा भाऊ. त्याच्याशी ती बोलत नव्हती. आई गेल्यावर खोली रिकामी करताना त्याने आईचं शिलाई मशीन भंगारात देऊन टाकलं. गंजलेलं होतं, खरं आहे. पण त्याच मशीनवर आईने तिला पहिली टीप मारायला शिकवली होती, आणि त्याने साधं विचारलंही नाही. नंतर तो एकदा दारी आला, तेव्हा तिने साखळी न काढताच फटीतून विचारलं, “काय हवंय?” तो गप्प राहिला. तिने दार लावून घेतलं. पुढे कुणी विषय काढला, की ती म्हणायची, “मी त्याला केव्हाच माफ केलंय. फक्त बोलत नाही.”

तर हा भाऊ चर्चमध्ये त्या दिवशी गायच्या गीतांचे क्रमांक फळ्यावर लावायचा, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ वाटायच्या भाकरीच्या तुकड्यांचं ताट त्याच्या बाकापाशी आलं, की तुकडा न घेता ते पुढे सरकवायचा. दर वेळी. हे हेरायला भिंगच लागतं. भाकर टाळतो म्हणजे मनात पाप आहे, हे तिने ताबडतोब ठरवून टाकलं. आता पाप कुठलं, एवढंच शोधायचं होतं. दारू म्हणावी, तर डोळे स्वच्छ. मग बाई असेल. एकटा पुरुष, इस्त्रीचा शर्ट घालून येतो, कुणासाठी?

त्या रविवारी पाळक सांगत होते की, अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि आपल्यामुळे कुणाचं मन दुखावलंय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा. तिने मान डोलावली. हे ज्यांनी ऐकायला हवं होतं अशा बायका तिने बसल्या जागी मोजल्या. मग ताट आलं. तिने तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि भावाकडे पाहिलं. त्याने ताट पुढे सरकवलं. बस, आज संध्याकाळी पाळकांच्या कानावर घालायचं, असं तिने ठरवलं. असल्या माणसाने फळ्याला हात तरी का लावावा? फक्त त्याआधी पुरावा हवा.

भक्ती संपताच ती त्याच्या मागे निघाली, मध्ये लोक ठेवून, छत्री आडवी धरून. तो बाजाराकडे वळला नाही, स्वतःच्या घराकडेही नाही. तो वळला तिच्याच गल्लीत. म्हणजे शेजारीण! तरीच ते सूप. तो तिच्याच इमारतीत शिरला. ती जिन्याच्या वळणावर, कठड्याला चिकटून उभी राहिली.

वर दार उघडल्याचा आवाज आला. शेजारीणच होती.

“भाऊ, आज तुमच्या ताई अजून आलेल्या नाहीत.”

“असू दे. मी निघतोच.”

“एक विचारू? दर रविवारी येता, दारापाशी उभे राहता आणि तसेच जाता. बेल का नाही वाजवत?”

“हात उचलतो,” तो म्हणाला, “पण ती विचारेल, काय हवंय. आणि मला माफी हवीय, हे तोंडातून निघत नाही. तिच्याशी मिटल्याशिवाय भाकर घ्यायची नाही, एवढं मात्र पाळतो.”

तिने कठडा घट्ट धरला. सकाळचा तुकडा तिला आठवला. किती सहज खाल्ला होता तो, त्याच्याकडे बघत बघत. तिला स्वतःची लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा इतकी. ती वर आली. शेजारीण मुकाट्याने आत गेली. भाऊ चोर पकडला जावा तसा अंग चोरून उभा राहिला.

सवयीने तिच्या तोंडून निघालंच, “काय हवंय?”

“ताई, मशीन... मी तुला विचारायला हवं होतं.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

तिने त्याचा चेहरा निरखला, वरपासून खालपर्यंत, पुन्हा एकदा. सुटलेला दोरा कुठेच सापडेना. मग तिने एक कुलूप काढलं, दुसरं काढलं. “आत ये,” ती म्हणाली, “आणि मलाही माफ कर. कशाबद्दल ते बसून सांगते.”

पुढच्या महिन्यात ती त्याच्या बाकावर बसली. ताट आधी तिच्या हाती आलं. तिने तुकडा उचलला नाही, ताट त्याच्यापुढे धरलं. त्याने भाकर घेऊन तोंडात घालेपर्यंत ती त्याच्यावर नजर ठेवून होती. मग तिने आपला घेतला.