हवालदारांनी उचललेली मोळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते वडवणीच्या एका ढेरपोट्या हवालदारांचे. ऊसतोड्याचा मुलगा म्हणून वर्गातली पोरं मला छळायची. मी शाळा सोडणारच होतो. त्या वर्षीच्या दुष्काळात हवालदार शाळेत छळाविरुद्ध बोलायला आले आणि मिशी कुरवाळत भाषणच विसरले. मग त्यांनी गावच्या सोसायटीने जनावरांसाठी उघडलेल्या चारा छावणीतून उसाची मोळी मागवली, स्वतः डोक्यावर घेतली आणि धपकन खाली बसले. चिडवणारेही एकेक करून ती उचलायला गेले आणि आपटले. मला मोळ्या वाहायची सवय. मी ती उचलून मैदानाला फेरीच मारली.

“कावून चिडवता बे याला?” हवालदार बसल्या जागेवरून हसत ओरडले. “शिका की याच्याकडून!”

दुसऱ्या दिवशी तीच पोरं शिकायला माझ्यामागे!

परवा मी त्यांना पत्र टाकलं: “साहेब, बी.ए. झालो. आमच्या घरात पहिलाच. पेढे घेऊन येतोय. सोमवारी सकाळी दहा वाजता ठाण्यात हजर राहावे.”