हातात दिलेला चेंडू

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस. हिंगोलीच्या साहेबलोकांच्या क्लबात खाजा मिया मार्कर होते. मार्करनं पहाटे उठून मुरमाच्या कोर्टाला पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, आणि संध्याकाळी एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं. खाजा मिया रूळ एकट्यानं ओढत आणि कोपरे कधी सोडत नसत.

त्यांची मुलगी अजरा याच कोर्टावर, साहेब यायच्या आधी, त्यांच्याच हाताखाली टेनिस शिकली. त्या खेळाच्या जोरावर हैदराबादेत मुलींच्या कॉलेजात गेली. वसतिगृहातली जागाही खेळामुळंच मिळाली होती.

ईदच्या सुटीत ती आली ते तोंड उतरवूनच.

"अब्बा, मला टीममधून काढून राहिले."

"काहून?"

"खेळाच्या बाई म्हणतात, तू खेळत न्हाईस, समोरचीला खेळवतेस. परत गेल्यावर एक सामना ठेवलाय. त्यात हरले तर वसतिगृह बी सोडावं लागंल."

चुलीपुढून रहिमाबी म्हणाली, "मग ये घरी. वसमतला तुझ्या फुफूचं पोरगं बिनलग्नाचंच बसलंय."

"का बसलंय ते सगळ्या वसमतला माहीत हाय, अम्मा."

रहिमाबीला हसू आवरेना. खाजा मिया हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरीला कोर्टावर घेतलं. पाय बराबर पडत होते. चेंडू रॅकेटच्या मधोमध बसत होता. दम तर तिला लागतच नव्हता. खोट कुठं आहे ते त्यांना सापडेना. सुटी सरत चालली. पोरीला आपण शिकवलं. कमी पडलं असेल तर ते आपल्याकडूनच.

एका संध्याकाळी गावचे न्यायाधीश मुन्सफसाहेब एकटेच आले. वयानं खाजा मियांहून मोठे. अजराला त्यांनी चेंडू वेचण्याच्या वयापासून पाहिलेलं. "चल पोरी, दोन हात करू," म्हणाले. खेळ लांबला. मुन्सफसाहेबांना फारसं हलावंच लागलं नाही. जाताना घाम पुसत त्यांनी शाबासकी दिली.

"खाजा मिया, पोरगी तुमच्यावरच गेली. चेंडू कसा बराबर हातात देते."

खाजा मिया जाळीजवळ तसेच उभे राहिले. मार्करची सारी हयात साहेबाच्या हातात चेंडू देण्यात जाते. साहेबाला पळवायचं नाही, हरवायचं तर नाहीच. लेकीला खेळवतानाही त्यांचा हात तेच करत आला होता, आणि ती तेच शिकली होती.

पहाटे त्यांनी तिला सांगितलं, "आज मी जिथं नसंन तिथं मार."

तिनं मारला. चेंडू त्यांच्या हातात आला. पुन्हा मारला, पुन्हा हातात.

"अजरा."

"तुमचा गुडघा दुखंल, अब्बा."

"गुडघ्याचं मी बघतो."

तरी तिचा हात वळेना. बापापुढं तो वळणारही नाही, हे त्यांना कळून चुकलं. उद्या तिची गाडी होती.

संध्याकाळी ते मुन्सफसाहेबांपुढं जाऊन उभे राहिले. स्वतःहून साहेबाला खेळायला बोलवायची ही पहिलीच वेळ. "हुजूर, पोरगी उद्या जाऊन राहिली. तिच्याशी एक डाव खेळता का?"

साहेब खुशीनं उठले. खाजा मिया गुण पुकारायला जाळीकडं निघाले. अजराजवळून जाताना हळूच म्हणाले, "देऊ नको. घे."

तिनं चमकून पाहिलं. "अन् तुमची नोकरी?"

"खेळाकडं लक्ष दे."

मुन्सफसाहेबांनी पहिला चेंडू मारला. अजराचा परतीचा चेंडू दूरच्या रेघेला घासून गेला. साहेबांनी पाऊलही उचललं नव्हतं.

"बाहेर होता," ते म्हणाले.

अजरा बापाकडं बघत राहिली. ती रेघ खाजा मियांनी सकाळी स्वतःच्या हातानं ओढली होती.

"चुना उडाला, हुजूर. आत होता. लव्ह फिफ्टीन, गुण पोरीचा."

मुन्सफसाहेबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. मग कोट काढून खांबावर टाकला आणि जोर लावून खेळू लागले. अजराला पळावं लागलं. ती पळाली. दर चेंडूनंतर तिची नजर बापाकडं जाई, आणि बाप नुसते गुण पुकारत.

एक चेंडू तिनं कोपऱ्यात टाकला. साहेब धावले. पोचले नाहीत. खाजा मियांनी तिचा गुण पुकारला.

या खेपेला तिनं वळून पाहिलं नाही. पुढचा चेंडू घ्यायला ती आधीच जागेवर जाऊन उभी होती.