माऊलीची मखमल

ये गो बाय, अशी जवळ ये. चष्मा लाव आणि सावकाश वाच. मी चार-चार दिवस बसून लिहायचं आणि तू तिकडे बंगळुरूला जेवता जेवता वरवर बघून अंगठा पाठवायचा, हे मला चालायचं नाही. ही सवय तुझ्या पपाची. त्याच्यावर ओरडून माझा घसा गेला, तुझ्यावर ओरडायला आवाज उरला नाही, म्हणून लिहिते.

नाताळात फोटो बघून तू विचारलंस, "मम्मा, चॅपलमधल्या माऊलीच्या अंगावर मखमल का नाही?" मी म्हटलं, धुवायला काढलीय. मखमल कोणी धुतं का गो? तूही 'बरं' म्हणालीस आणि विषय सोडलास. पण ती मखमल तुझ्यासाठी होती, तेव्हा तुला खरं सांगायला पाहिजे.

मानेतल्या गाठीसाठी तू परळच्या हॉस्पिटलात होतीस तेव्हाची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. तुला आत नेलं की मी बाहेरच्या बाकावर बसायचे. तिथे बसून मी नवस बोलले, "माऊली, पोर चालत घरी येऊ दे. तुला राणीसारखी सजवीन." तू चालत घरी आलीस. मग मी दादरहून डाळिंबी मखमल आणली आणि खिडकीशी बसून दोन वर्षं तिच्यावर जरीकाम केलं. द्राक्षांचे घोस, गव्हाच्या लोंब्या, कडेला खऱ्या जरीची झालर. तू हसायचीस, "मम्मा, तिला घालणार की तिला झोपवणार त्यावर?" एवढी जड झाली होती. दोन्ही हातांनी उचलावी लागायची.

आता माऊलीचं सांगते. तू लहानपणापासून त्या मूर्तीचा चेहरा आणि जोडलेले हात बघितलेस. कपड्यांच्या आत काय आहे ते आपल्या घरातली एकच बाई बघते. मी लग्न होऊन या वाडीत आले, त्या वर्षी सासूबाईंनी मला दुपारच्या वेळी चॅपलमध्ये नेलं आणि आतून कडी घातली. माऊलीच्या चेहऱ्यावर पांढरा रुमाल टाकला आणि एकेक कपडा उतरवला. बाय, आत बाई नव्हतीच! खाली रुंद, वर निमुळत्या अशा चार काठ्या, मधे एक दांडा, दांड्यावर डोकं, आणि हात नुसते दोन आकड्यांवर अडकवलेले. छातीशी तेवढं एक गाठोडं फितीने गुंडाळलेलं, अंगाला आकार यावा म्हणून. मी दोन पावलं मागे सरले. सासूबाई म्हणाल्या, "अशी काय बघतेस? तुझ्या आत काय भरलंय? हाडंच ना?"

मग त्यांनी रीत सांगितली. टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत. माप टेपने घ्यायचं नाही, एक जुनी पांढरी फीत आहे, तिला गाठ मारलेली, ती गळ्यापासून सोडायची, गाठ जमिनीला टेकली पाहिजे. छातीचं गाठोडं सोडायचं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कपडे बदलताना तिच्या तोंडावर रुमाल पाहिजेच. उघड्या तोंडाने कोणाला आपलं अंग दुसऱ्याच्या हातात द्यायला आवडेल? एवढी वर्षं मी एकदाही चुकले नव्हते.

मखमल चढवली त्या दिवशी चुकले. सप्टेंबरचा, माऊलीच्या जन्माचा सण. बाहेर बायका दार ठोकतायत, "अगो, किती वेळ? मिस्सेला फादर येऊन उभे राहिले!" मी आनंदात होते आणि घाईतही. शेवटची टाचणी लावली, वर बघितलं, तर रुमाल माझ्या खांद्यावर. तिचे काचेचे डोळे खाली झुकलेले असतात हे मला ठाऊक आहे, ते तसेच घडवलेत. पण त्या दिवशी ते माझ्या हातांकडे बघत होते.

मी कोणाला बोलले नाही. दार उघडलं. सगळी वाडी 'आह' म्हणाली. शेजारीण म्हणाली, "आता कुठे देवाची आई दिसते!" मोबाईलवर फोटोंचा पाऊस. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दर शनिवारी मी तिची धूळ झाडायला जाते, तुला माहीत आहे. तिसऱ्या शनिवारी सहज फीत सोडली. गाठ जमिनीला टेकली आणि वर बोटभर फीत लादीवर पडून राहिली. मला वाटलं, माझा हात हलला. पुन्हा सोडली. पुन्हा बोटभर. माऊली खाली आली होती.

पुढच्या महिन्यात दोन बोटं. मग शेजारणीनेच तिच्या मोबाईलवरचे फोटो एकामागून एक दाखवले, कौतुकाने हो, तिच्या काही ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या फोटोत माऊलीचे डोळे दिसतात. पुढच्यात पापण्या. शेवटच्या फोटोत नुसतं कपाळ आणि मुकुट. "बघ ना, कसा झगमगतो!" ती म्हणत होती. मी हातातला कप खाली ठेवला.

लालबागला गणपतीच्या कारखान्यात सांगाडे बांधणारा एक म्हातारा सुतार आहे, मालवणचा, आपलं माळ्याचं काम त्यानेच केलं होतं. त्याला बोलावलं. आधीच सांगितलं, पुरुषाने बघायचं नाही. मी वरून काळी चादर टाकली, चेहऱ्यावर रुमाल. तो म्हणाला, "मावशी, माका काय सांगतास? आमीव गणपतीचे डोळे अगदी शेवटाक लिवतो." चादरीखाली हात घालून त्याने एकेक काठी, एकेक सांधा दाबून बघितला. मी वाट बघत होते की म्हणेल, वाळवी लागली. तसं म्हणाला असता तर किती बरं झालं असतं!

"लाकूड एकदम टणक," तो म्हणाला. "सांधो एक हलूक नाय."

"मग वाकली कशी?"

तो चादरीतून हात काढून पुसत राहिला. मग म्हणाला, "ओझा काढून बघा. माणूसव वाकताच की." चहासुद्धा न घेता गेला.

त्याच आठवड्यात तुझा फोन. "काही नाही गं मम्मा, जरा कणकण आहे." तू सहज बोललीस. तुला कळतंय का माझी काय गत झाली? मखमल अंगावर ठेवावी तर माऊली आठवड्या-आठवड्याला खाली येते. काढावी तर नवस मोडतो, आणि तो नवस म्हणजे तू. कोणाला विचारू? फादर तरुण आहेत. म्हणाले, "आंटी, देव असे हिशेब ठेवत नाही." त्यांना बोलायला काय जातं! बाकावर ते नव्हते बसले, मी बसले होते.

आठ दिवस मी चॅपलमध्ये गेलेच नाही. नवव्या दिवशी दुपारी गेले, आणि दारातच थांबले. तिचं तोंड इतकं खाली आलं होतं की तिच्याकडे बघायला मला गुडघ्यांवर बसून मान वर करावी लागली. मागच्या खेपेपर्यंत तसं नव्हतं. तिथे बसल्यावर मला वाटलं, ही राणी नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली बाई अशीच बसते.

मी कडी घातली. या वेळी रुमाल आधी टाकला. मखमल सोडवली. ती खाली पडली तेव्हा धप्प असा आवाज झाला, माणूस पडल्यासारखा. आणि तिच्या भाराने छातीचं गाठोडं सैल झालेलं, त्याची फीत गळून लोंबत होती. सोडायचं नाही म्हणून सांगितलेलं, पण ते आपलं आपणच सुटत होतं, गो. मी धरायला गेले आणि हातात आली मखमल.

माझी नव्हे. हिरवी, झिजलेली, हातभर लांब पट्टी. तिच्याखाली पांढरं रेशीम, त्यावर काळी पडलेली जर. तिच्याखाली निळा किनखाब.

तो किनखाब मी ओळखला. आपल्या दिवाणखान्यातल्या जुन्या फोटोत माऊलीच्या अंगावर जी शाल आहे, तीच. सासूबाईंना मी एकदा विचारलं होतं, ती कुठे गेली? त्या म्हणाल्या होत्या, उंदरांनी खाल्ली. त्यांनी ती तुझ्या पपासाठी बोलली होती, तो लहानपणी टायफॉइडमध्ये पडला होता तेव्हा. म्हणजे त्यांनीही चढवली, त्यांनीही उतरवली, एक पट्टी कापून माऊलीच्या छातीशी बांधली आणि जन्मभर तोंड मिटून राहिल्या. आणि तुझा पपा त्यानंतर सत्तर वर्षं जगला, माझं डोकं खात. मी तिथेच बसून रडले, मग हसले.

पण किनखाबाखाली अजून पट्ट्या होत्या. एकीचा टाका उलट्या हाताचा, माझ्यासारखा डावखुरा. या घरात माझ्याआधी कोण डावखुरी होती ते कोणीच मला सांगितलेलं नाही. आणि तिने कोणासाठी नवस बोलला होता, ते पोर वाचलं की नाही, हे तर कोण सांगणार? आतल्या पट्ट्या मी उलगडल्या नाहीत. माझा धीर झाला नाही. गाठोडं अजून जाड होतं.

मी माझ्या मखमलीची एक पट्टी कापली, द्राक्षाच्या एका घोसासकट, आणि सगळ्यांच्या वर गुंडाळली. नवी फीत घट्ट बांधली. वर पांढऱ्या मलमलीचा साधा झगा आणि डोक्यावरून ओढणी. बस्स. राहिलेली मखमल ट्रंकेत आहे.

रविवारी शेजारणीने सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "अगो, राणी होती, तिची मोलकरीण केलीस!"

मी म्हटलं, "देवाची आई असली तरी सुताराचीच बायको ना ती? घरात काय जरीचं घालून भाकऱ्या भाजायची?"

सगळ्या हसल्या, तीही हसली, पण माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. आता बोलते.

माऊली सरळ झाली का, असं विचारशील. नाही. फीत सोडली की आता चार बोटं लादीवर पडतात. पण त्यापुढे गेली नाही. मी दर शनिवारी बघते. रुमाल काढला की ती खाली बघते आणि आता मला तिच्या समोर स्टूल घेऊन बसायची सवय झाली आहे.

तुझा ताप दोन दिवसांत उतरला म्हणालीस. रक्त तपासलं, सगळं नॉर्मल म्हणालीस. मी देवाचे आभार मानले. पण बाय, तू मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतेस, आणि मी तुला मखमल धुवायला काढली म्हणून सांगते. आपण दोघी सारख्याच. तेव्हा ते रिपोर्ट मोबाईलवर पाठवू नकोस, मला त्यातलं काही कळत नाही. मला तुझा चेहरा उजेडात बघायचाय, मानेला हात लावून बघायचाय. दोन दिवसांची रजा काढ आणि ये. येशील ना लवकर?