बिजलगढचा दरवान

दुधराम मडावी चिचगडचा वनमजूर. सहा फुटाला दोन बोटं कमी, जाड मिशा, आणि बोलणं इतकं बेताचं की दुसऱ्याला वाटावं हा काहीतरी गिळून बसलाय. १९९९च्या जूनमध्ये मी तिथल्या शाळेवर रुजू झालो तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा होऊन महिनाच लोटला होता. मी दवनीवाड्याकडचा, धानपट्टीतला माणूस, त्यामुळे जंगलातल्या वाटा मला कळेनात. पहिल्या पावसाळ्यात पाड्यावरची मुलं शाळेत आणायला दुधरामच मला घेऊन फिरला. पुढे पुढे चालायचा आणि मधूनच मागं न पाहता म्हणायचा, "गुरुजी, पाय इथं ठेवा जी."

त्याच हिवाळ्यात मुंबईहून शूटिंगवाले आले. छत्तीसगडच्या बाजूला जंगलात एक पडकी गढी आहे, तिथं त्यांना 'बिजलगढ' नावाच्या हिंदी मालिकेचे काही भाग घ्यायचे होते. जुन्या काळातलं एक लहानसं राज्य, त्याची राणी आणि वेढा घालून बसलेला शत्रू, अशी ती गोष्ट. वाट दाखवायला दुधरामला सोबत दिलं होतं. चौथ्या दिवशी दिग्दर्शकानं त्याला पाहिलं. गावातली वीसेक माणसं शिपाई म्हणून उभी होती, त्या सगळ्यांना सोडून त्यानं दुधरामकडं बोट दाखवलं आणि त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधला. दुधराम झाला गढीचा दरवान.

मालिका २००० साली दर रविवारी सकाळी लागायला लागली. तिला दिल्लीचा कसलासा पुरस्कार मिळाला आणि पेपरांनी पान पान भरून कौतुक केलं. आमच्या गावात मात्र ती बघायचं कारण एकच, आपला दुधराम कधी दिसतो. नंदलालच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानापुढं साठ-सत्तर माणसं बसायची. दरवान दिसला की टाळ्या. धुरपता, दुधरामची बायको, पदर तोंडावर घेऊन हसायची. चार महिने या माणसाचं गावात फार कौतुक झालं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी शेवटचा भाग लागला. गढीत सगळे झोपलेले. मोठ्या दाराच्या अडसरावर एक हात येतो. मग दुधरामचा चेहरा, अगदी जवळून, पडदाभर. तो बाजूला कुठंतरी बघतो. पुढच्या चित्रात दार सताड उघडं आणि शत्रूचे घोडे आत. राणी किंचाळते, 'दरवाज़ा किसने खोला?' आणि पाटी येते, शेष कथा शीघ्र ही.

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळी डोकी एकदमच मागं वळली. दुधराम भिंतीला टेकून उभा होता.

"काऊन गा दुधराम," नंदलालनं विचारलं, "तू खोलला का?"

"मले का मालूम," दुधराम म्हणाला.

लोक हसले. त्यालाही थोडं हसू आलं असावं. पण तो खरंच सांगत होता, निदान मला तेव्हा तसं वाटलं. नंतर चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "डायरेक्टर बोल्ला, इधर हाथ, उधर नज़र. बस. कहानी कोन सांगते आमाले?"

शेष कथा काही लवकर आली नाही. निर्माता आणि चॅनलवाल्यांचं बिनसलं, असं पेपरात छापून आलं. नंदलालनं सगळ्या भागांची वही ठेवली होती. तो त्या वहीतून पुरावे काढू लागला. सातव्या भागात दरवान दिवाणाशी बोलताना दिसतो. अकराव्यात पहारा बदलतो, पण हा जागचा हलत नाही. दुकानात रेडिओ न्यायला आलेल्या माणसालाही तो हे ऐकवायचा आणि शेवटी म्हणायचा, "तोंड पाहा न त्याचं. चांगल्या मानसाचं तोंड असं असते का?"

दुसऱ्या गावात ही थट्टाच राहिली असती. पण आमचा तो पट्टा वेगळा. तेव्हा जंगलात बंदूकवाले फिरायचे, त्यांच्या मागं पोलीस फिरायचे, आणि मधली गावं दोघांनाही भिऊन असायची. कोणी कोणाला वाट दाखवली, कोण कोणाची खबर देतो, हे प्रश्न तिथं हळू आवाजात विचारले जायचे आणि त्यात माणसं जायची. अशा गावात एखाद्याला फितूर म्हणणं, हसत का होईना, बरं नव्हे. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी म्हणत होते.

२००३ साली पहिली आवई उठली. सडक अर्जुनीच्या धाब्यावर एका ट्रकवाल्यानं सांगितलं, रायपूरकडं बिजलगढचं शूटिंग चालू आहे. आठ दिवस गावात दुसरं बोलणं नव्हतं. दुधराम दोनदा नंदलालकडं जाऊन आला. "खरं होय का?" एवढंच विचारायचा. त्याला घाई होती. दुसरा भाग आला की कळेल, दार कोणी उघडलं, आणि हा विषय मिटेल. लोकांना वाटायचं, हा इतकी चौकशी का करतो? याला काय माहीत आहे?

आवई खोटी निघाली. पुढच्या वर्षी एके दिवशी पोलिसांची गाडी गावात आली. जंगलात कुठं बैठक झाली होती, त्याबद्दल विचारपूस होती. चौकात बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "दुधरामले इचारा साहेब, दारावर तोच राहते." साहेबाला काही कळलं नाही, तो पुढं गेला. पण धुरपता तिथं नळावर होती. तिनं हंडा तसाच ठेवला आणि घरी गेली.

त्या संध्याकाळी मी हजेरीच्या कामानं त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांची मुलगी चंचल तेव्हा सातवीत होती, आठ दिवस शाळेत आली नव्हती. धुरपता चुलीपुढं बसली होती. मी असल्याची पर्वा न करता तिनं नवऱ्याला विचारलं, "खरं सांगा. तुमी खोलला का?"

"तूही इचारून राहिली?"

"मी नाई इचारू तं कोन इचारल? लेकीले पोट्ट्या फितुराची पोरगी म्हनून चिडवून राहिल्या. म्हनून नाई जात ते शाळेत."

दुधराम माझ्याकडं बघत होता. मग म्हणाला, "मले सांगा गुरुजी, वीस मानसं होती. त्यानं मलेच काऊन निवडलन? माह्या तोंडात त्याले का दिसलं?"

मी काहीतरी बोललो. अभिनय वेगळा, माणूस वेगळा, असं. शिक्षकाला येतं तसं. चंचलला चिडवणाऱ्या मुलींना मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं केलं आणि ती परत यायला लागली. पण खरं सांगायचं तर त्या घरातून निघताना माझ्या मनात आलं, हा एवढा घाम का पुसतो आहे?

दोन वर्षांनी शाळेत पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीसाठी विश्वासाचं माणूस हवं होतं. शाळा समितीत दुधरामचं नाव निघालं. वनमजुरीचं काम बारमाही नव्हतं, आणि त्याच्याइतका वेळेचा पक्का माणूस गावात नव्हता. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "त्याच्याबद्दल लोक बोलतात. उगाच शाळेचं नाव कशाला?" समितीतल्याच रुख्माबाईंना ते काम दिलं. त्या चांगल्याच होत्या, तक्रार नाही. पण लोक त्याच्याबद्दल जे बोलत होते ते एका मालिकेवरून, हे मला ठाऊक असून मी तसं बोललो.

दुधराम त्यानंतरही शाळेत यायचा. कुंपणाच्या बल्ल्या बदलून द्यायचा, चहा घ्यायचा, जायचा. चौकात मात्र बसेनासा झाला. एक विचित्र सवय त्याला लागली. कोणी बोलताना त्याच्या चेहऱ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं की तो मान खाली घालायचा. आणि मान खाली घातलेला माणूस अधिकच संशयास्पद दिसतो.

२०११च्या पावसाळ्यानंतर पेपरात पक्की बातमी आली. बिजलगढ परत येतंय. नवीन चॅनल, नवा दिग्दर्शक, पण कथा तिथूनच पुढं. टीव्हीवर जाहिरात लागली, त्यात तेच दार. आता घरोघरी टीव्हीच्या डिशच्या छत्र्या लागल्या होत्या, तरी गाव नंदलालच्या दुकानातच जमणार हे ठरलं. पोरंटोरंसुद्धा जुने भाग मोबाईलवर पाहायला लागली. जी लेकरं २००० साली जन्मली नव्हती तीही दुधरामला पाहून कुजबुजायची.

आणि दुधरामला शंका, यावेळीही हे खरं नसेल. दिवसातून एकदा तरी तो मला जाहिरातीबद्दल विचारायचा. "दिसली का जी? तारीख देल्ली का? बदलवली तं नाई?" त्यानं त्या रविवारची सुट्टी महिनाभर आधी मागून ठेवली होती. धुरपतानं येणार नाही म्हणून सांगितलं. "काई निगालं तं मी तोंड कुठं लपवू?" चंचल मात्र आली, देवरीच्या कॉलेजातून खास.

डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळचे अकरा. दुकानात जागा नव्हती म्हणून नंदलालनं टीव्ही ओट्यावर आणला. दुधराम यावेळी पुढं बसला होता.

भाग सुरू झाला तो दारापासूनच. अडसरावर हात आला. कॅमेरा वर गेला. चेहरा दुसऱ्याच माणसाचा होता, गोरा, कोरलेल्या मिशांचा, कोणी शहरातला नट. त्यानं बाजूला पाहिलं. तिकडून खुद्द दिवाण चार माणसं घेऊन येत होता. दरवान अडसराला पाठ लावून उभा राहिला. त्यांनी त्याला भाल्यानं भोसकलं. तो पडेपर्यंत 'राणीसाहेब, जागो' म्हणून ओरडत राहिला. मग दिवाणानं स्वतःच्या हातानं दार उघडलं. पुढच्या दृश्यात राणी त्या दरवानाच्या प्रेतावर आपली शाल टाकते.

मी दुधरामकडं पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, ओठ हलत होते. चंचलनं त्याचा हात धरला. मला वाटलं, सुटला बिचारा.

तेवढ्यात नंदलाल म्हणाला, "पन हा मानूस दुसरा आहे."

"हव," मागून कोणीतरी म्हणालं.

"मंग पयलेच्याले काऊन काढलन? काई तरी पायलं असंल त्यायनं. इमानदार दाखवाचा होता म्हनून मानूस बदलवलन."

आणि मी पाहिलं, डोकी हलत होती. अकरा वर्षं थांबून उत्तर मिळालं होतं, तेही आता चालत नव्हतं. शाल दुसऱ्याच्या अंगावर पडली आणि संशय याच्या अंगावर राहिला.

दुधराम उठला. त्यानं धोतर झटकलं. त्याचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"मीच खोललो."

तो मागं बसलेल्यांकडं वळला.

"आयकून घ्या. मीच खोललो. अकरा वरसं झाली, इचारून राहिले, खोलला का, खोलला का. घ्या, खोललो. या आता अंदर. काय पायजे ते घेऊन जा."

"मजाक नको करू गा दुधराम," नंदलाल म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तू मजाकच करून राहिला होता न? मंग हास."

कोणी हसलं नाही. तो चंचलला घेऊन घरी गेला. मालिका चालूच होती, पण तिच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. नंदलालनं थोड्या वेळानं टीव्ही आत नेला.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. मला तांदळाच्या खोलीचं सांगायचं होतं. अंगणात तो खाटेची दोरी ताणत होता. मी सगळं सांगितलं, समितीत काय बोललो तेही.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "रुख्माबाईनं त्याच दिवशी सांगतलं."

"मग तू शाळेत येत का राहिलास?"

"कुंपन मोडलं होतं न जी."

त्यानं दोरीची गाठ मारली, हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मीबी एक गोष्ट लपवलो, गुरुजी. शूटिंगच्या दिवशी त्यायनं दोनदा फोटू घेतला. एक डाव अडसर उचलाले लावलन, एक डाव नुसता हात ठेवाले. कोनता लावल तं त्याले मालूम. पन मी उचललो होतो. एक डाव उचललो होतो. हे कोनाले सांगतो? धुरपतालेबी नाई सांगतलो."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. हा माणूस खरंच काहीतरी गिळून बसला होता. एवढंसं. एका लाकडाचं वजन, तेही नाटकातल्या. मला हसावं की रडावं कळेना.

"त्यानं तुलाच का निवडलं ते सांगू?" मी म्हणालो. "तू सगळ्यांत उंच होतास. दाराच्या मापाचा."

"बस, तेवढंच?" त्यानं विचारलं. थोडं वाईटही वाटलं असावं त्याला. मग मात्र तो हसला, खांदे हलवून, आवाज न करता. आतून धुरपता बाहेर आली, काय झालं म्हणून. त्यानं तिला जवळ बसवलं आणि अडसराची गोष्ट तिलाही सांगितली. ती रागावली. "एवढ्यासाठी मले अकरा वरसं झोप नाई?" म्हणाली, आणि उठून चहा ठेवायला गेली.

त्यानंतर त्याला कोणी विचारलं नाही. माफीही कोणी मागितली नाही, आमच्याकडं तशी रीत नाही. फक्त फेब्रुवारीत नंदलाल त्याच्या घरची छत्री फुकट नीट करून गेला, आणि दुधराम पुन्हा चौकात बसायला लागला. मालिका चाळीस भाग चालली. गावानं ती शेवटपर्यंत पाहिली, पण पहिल्यासारखी चर्चा झाली नाही. दुधरामनं एकही भाग पाहिला नाही.

२०१३ साली माझी बदली झाली. चंचल परिचारिका होऊन देवरीला लागली. परवा दुधरामचा फोन आला होता. यंदा हिरडा चांगला लागलाय, म्हणाला, धुरपताचे गुडघे दुखतात, आणि गावात बस आता दोनदाच येते, तेव्हा यायचं असेल तर सकाळचीच धरा.