पायथा नसलेला डोंगर

परब सर मशीनसमोर हात पसरून उभे राहत, तेव्हा ते प्रसाद घेताहेत असं वाटे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं साच्यातून पडतील तशी ते ओळीनं तळहातावर घेत. झाकणं गरम असत, तरी एकही सोडत नसत. "पडेल ते घ्यायचं. आवडेल ते घेतलं की मोजमाप संपलं, कौतुक सुरू झालं."

लालबागच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा कारखाना आहे. मशीनं खाली, तपासणीची खोली वर. सर क्वालिटीचे प्रमुख आणि मी त्यांची मदतनीस. इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. मी काही सांगितलं की ते कानाला हात लावत. "मोठ्यान बोल गो! झाकणांका कान नाय, माका आसत."

प्रक्रियेची क्षमता, म्हणजे मशीन किती एकसारखा माल काढतं, ते कसं मोजतात हे मी कॉलेजात सूत्रासकट पाठ केलं होतं. सरांनी ते खिडकीतून दिसणाऱ्या मंडळाच्या कमानीवर शिकवलं. "कमान किती रुंद, ते गिऱ्हाईक ठरवणार. आपला गणपती त्यातून जाताना किती डुलतो, ते आपण मोजायचं. खरचटत गेला तरी तो गेलाच. पण त्याला क्षमता म्हणत नाहीत."

गेल्या वर्षी सरांचा गुडघा गेला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. फक्त जिना उतरणं बंद केलं. "बबन, झाकणं वर पाठव रे," असं ते फोनवर सांगत आणि मशीनवरचा बबन ट्रे घेऊन येई. आम्ही मोजत असू.

नव्या साच्याच्या क्षमतेचा आकडा असाच आला, आणि फार सुंदर आला. सरांनी सगळ्यांना वडे खाऊ घातले. मालकांनी अहवाल लगेच गिऱ्हाईकाला पाठवून दिला. मोठी ऑर्डर त्या आकड्यावर अडली होती.

संध्याकाळी मी त्याच मापांचा आलेख काढला. असा आलेख डोंगरासारखा येतो, मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत जाणारा. हा डोंगर दोन्हीकडे सुरीनं कापल्यासारखा थांबला होता. त्याला पायथाच नव्हता. मी न बोलता स्क्रीन सरांकडे वळवली.

त्यांनी दोन्ही तुटक्या कडांवर बोट ठेवलं. मग बबनला बोलावलं.

"निवडून आणलीस?"

"मग! तुमच्यासाठी म्हणून. बाटलीवर छान बसतात तीच. वाकडीतिकडी तुम्हाला कशी देऊ सर?"

"मी काय देव आहे रे, फुलं निवडून वाहायला?"

बबन हसला. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत ते खाली गेले आणि स्टुलावर बसून त्यांनी हात पसरला. नवा आकडा फार खाली आला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाची माणसं आली, माझ्याच वयाची. जिन्यात मालक पुटपुटले, "परब, कामगाराची चूक झाली म्हणा, संपलं."

बैठकीत सर उभे राहिले. "तुम्हाला पाठवलेला आकडा खोटा आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "बबननं मान राखला, चूक माझी. गुडघा दुखतो म्हणून मी जिना उतरलो नाही. मशीनजवळ न जाता सही केली."

एका मुलानं फोनवर नजर वळवली. गुडघ्याचं कशाला सांगायचं, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑर्डर थांबली. साचा दुरुस्त करून पुन्हा मोजून दाखवा, म्हणाले.

ते गेल्यावर सरांनी चहा मागवला.

"सर, एवढ्या मोठ्यानं...?"

"लाज वाटत होती गो. हळू बोललं की ती आतच राहते. मग माणूस तिच्यासाठी आणखी खोटं बोलतो."

त्यानंतर झाकणं घ्यायला मी खाली जाऊ लागले. बायकांना तिथं कोणी पाहिलेलं नव्हतं. मशीनं सोडून सगळे बघत. बबन म्हणायचा, "मॅडम, हात भाजेल, मी आणतो ना." मी हात मागे घेत नसे.

दुरुस्तीनंतर पुन्हा बैठक झाली, तो सरांचा कामाचा शेवटचा आठवडा होता. निवृत्त होऊन गाव गाठायचं ठरलं होतं. आकडा सुधारला होता, तरी गिऱ्हाईकाला हवा त्याहून थोडा कमीच होता. सर दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि मला म्हणाले, "तू सांग."

मी उभी राहिले. कानशिलं तापली होती. मराठीत सांगू की इंग्रजीत, हेही सुचेना. मालक माझ्याकडे रोखून बघत होते. मी आकडा सांगितला आणि पुढं म्हटलं, "अजून पुरेसा नाही." आवाज मध्येच फाटला.

मागून, दाराजवळून सर म्हणाले, "ऐकू आलं."