गिटारचं सैल बटन

परवा तिरोड्याच्या बाजारात चप्पल चिकटवून घेत होते. सोल्युशनचा उग्र वास आला आणि मला दादाची ती सकाळ आठवली.

दादा आमच्या भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, मी गायची. कामासाठी तो पुण्याला निघाला होता आणि गिटार माझ्यासाठी ठेवून जाणार होता. तिचं आवाजाचं बटन नुसतंच गरगर फिरायचं, आतली दांडी हलायची नाही. मी सोल्युशनची ट्यूब आणून दिली.

"हे नोको. आत उतरलं तर दांडीच जाम होईन."

त्यानं बटन उपसलं. दांडीला मधोमध चीर होती, तिची दोन्ही पाती दबून जवळ आली होती. चाकूचं टोक घालून त्यानं ती हलकेच फाकवली आणि बटन सरळ धरून अंगठ्यानं दाबलं.

"आता फिरवून पाय."

घट्ट बसलं होतं. तरी त्यानं बाकीचीही बटनं काढली. बाहेर ऑटोवाला हॉर्न देत होता.

"दादा, गाडी सुटन ना! कायले येवढं करून राहिला?"

"मंग कोण करून देणार तुले?" मान वर न करता तो म्हणाला.

त्याचा पाय निघत नव्हता, हे मला आता कळतं. तो पुण्यातच राहिला, तिकडेच आजारपणात गेला. पार्टीही मोडली. आता घरात मी एकटीच. संध्याकाळी तांदूळ निवडताना जुनी गाणी म्हणते. कडवं संपलं की दादाची गिटार वाजायची. तेवढा वेळ मी अजूनही गप्प राहते, मग पुढचं कडवं धरते.