टॉवेलाखालचा सोफा

आमच्या सांगलीच्या मामांइतकी भांडणावर श्रद्धा असलेला माणूस वाईपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठावर दुसरा झाला नसेल. मामा म्हणजे माझे मामेसासरे, सासूबाईंचे थोरले भाऊ. लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात. मामा सकाळी उठून मामींशी भांडत. चहात आलं जास्त पडलं म्हणून भांडत, कमी पडलं म्हणून भांडत आणि चुकून बेताचं पडलं, तर "आज काय बिघडलंय तुझं?" म्हणून भांडत. मामीही मूग गिळून बसणाऱ्या नव्हत्या. लग्नानंतर मी पहिल्यांदा सांगलीला गेले, तेव्हा दोघांची भडंगातल्या लसणावरून अशी जुंपली की मी भिंतीला चिकटून उभी राहिले. आता शेजारी धावत येणार, मामी माहेरी निघणार, आणि नव्या सुनेचा पायगुण म्हणून सगळं माझ्या माथी येणार! थोड्या वेळाने घाबरत घाबरत स्वयंपाकघरात डोकावले, तर मामा जमिनीवर मांडी घालून मामींना लसूण सोलून देत होते आणि मामी त्यांच्या बशीत चहा ओतत होत्या. मी ह्यांना हळूच विचारलं, "यांचं नेहमी असंच असतं?" तर हे म्हणाले, "छे! आज तू आहेस म्हणून जरा हळू बोलतायत."

मामांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. जन्मभर लिलावात ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की ते सांगलीहून साताऱ्याला फोन करत, तेव्हा मध्ये तार कशाला लागते, असा प्रश्न पडावा. हळदीच्या व्यापाऱ्याला हळकुंड मोडून आतला रंग बघायची सवय असते. मामांची ती सवय हळदीपुरती राहिली नव्हती. आम्ही साताऱ्याहून कंदी पेढे नेले की ते आधी मोडून, उजेडात धरून बघत आणि मग तोंडात टाकत. नव्या चपलेचा अंगठा ओढून बघत. आमच्या लग्नात त्यांनी जिलबीचं कडं मोडून आचाऱ्याच्या नाकासमोर धरलं होतं म्हणे. "वरनं काय, समदंच पिवळं दिसतंय," ते म्हणत, "आत काय हाय ते मोडल्याबिगार कळत न्हाई." त्यांच्या खांद्यावर कायम एक टॉवेल असे. त्याचा मूळ रंग कोणता हे मामींनाही सांगता येत नसे. यार्डातल्या हळदीने त्याला स्वतःचा रंग दिला होता.

अशा माणसाच्या भाच्याशी माझं लग्न झालं आणि हा भाचा निघाला मुलखाचा सभ्य. त्यात मीही तशीच. माहेरी कोरेगावला आम्हा बहिणींना शिकवणच होती की मोठ्याने बोलायचं नाही आणि आपलं म्हणणं आधी सांगायचं नाही. त्यामुळे आमच्या साताऱ्याच्या दोन खोल्यांत दिवसभर एकच संवाद चाले. भाजी काय करू? तुला आवडेल ती. नाही, तुम्ही म्हणाल ती. अखेर बटाटा व्हायचा, कारण बटाट्याविषयी कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. वर्ष होत आलं तरी आमच्यात एकही भांडण झालं नव्हतं आणि त्याचा मला कोण अभिमान! शेजारणीला मी तो बोलूनही दाखवला होता. आता कळतं, मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. हे जेवताना भात आधी का घेतात, रविवारी इतके गप्प का असतात, त्यांना माझ्याशी लग्न करून बरं वाटतंय की नाही, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं.

लग्नातच मामांनी मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं होतं, "सोफा माझ्याकडनं! पर निवडायचा दोघांनी मिळून." झालं. आम्ही साताऱ्यातली सगळी दुकानं पालथी घातली. मी एखाद्या सोफ्यावर बसायचे आणि ह्यांच्या तोंडाकडे बघायचे. हे माझ्या तोंडाकडे बघायचे. "तुला कसा वाटतो?" "तुम्हाला?" दुकानदार आधी पंखा लावायचा, मग चहा विचारायचा आणि शेवटी पंखा बंद करायचा. आम्ही रिकाम्या हाताने घरी परतायचो आणि आपापल्या लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसून एकमेकांना म्हणायचो, घाई काय आहे.

घाई सोफ्याची नव्हती, दुसऱ्याच गोष्टीची होती. लोणंदच्या एका शाळेत मराठी शिकवायला बाई हव्या होत्या. माझं बी.एड. झालेलं होतं. तिथल्या मुख्याध्यापकांनी ओळखीतून निरोप दिला होता की येणार असाल तर सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरं बघतो. रोज एसटीने जाऊन येऊन करायचं होतं. माझा जीव त्या नोकरीत अडकला होता. पण ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "तुझं तू ठरव." यावर मी काय म्हणावं? "तुम्ही म्हणाल तसं." हे पेपरात डोकं घालून बसले आणि मी पीठ मळायला घेतलं. त्या दिवशीची कणीक फार मऊ झाली होती.

त्या सोमवारच्या आधीचा शनिवार महिन्यातला दुसरा होता, त्यामुळे ह्यांना सुट्टी होती. शेजारणीकडे मामांचा फोन आला की साताऱ्यात जमत नसेल तर सांगलीला या, सातारकरांना बसायचं काय कळतंय. आम्ही पहिल्या एसटीने गेलो. दुपारी मामा आणि मामी आम्हाला घेऊन त्यांच्या ओळखीच्या दुकानात शिरले. मामांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि एका सोफ्याच्या पोटाकडे वळले. दुकानदार मध्ये आडवा पडायचाच बाकी राहिला.

"मामा, कापू नका! आत चांगला फोम आहे!"

"समदेच चांगलं म्हणत्यात. मी बघू नगं व्हय?"

"आवं, लोकाचं दुकान हाय ते," मामी म्हणाल्या, "हळदीचं पोतं न्हाई!" त्यावरून दोघांचं एक छोटं भांडण झालं. ते होईपर्यंत दुकानदाराने कात्री गल्ल्यात ठेवून दिली.

शेवटी तीन सोफे ओळीने मांडले. पहिला गर्द हिरव्या मखमलीचा, बसलं की माणूस कमरेपर्यंत आत जाणारा. हे त्यात बसले आणि क्षणभर त्यांचे डोळे मिटले. दुसरा साधा सागवानी, रुंद हातांचा. मी त्याच्या हातावरून बोटं फिरवली. तिसरा दुकानाची शोभा होता. सोनेरी पाय, लालभडक पाठ आणि त्या पाठीवर समोरासमोर दोन मोर. "बोला," मामा म्हणाले. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कसा वाटतो?" "तुम्हाला?"

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आपल्या उजव्या हातावर पसरला. "असं न्हाई जमायचं. आमच्या यार्डात पूर्वी सौदा असा व्हायचा. टॉवेलाखाली हात घालायचा आन् बोटं दाबून भाव सांगायचा. ह्याचं त्याला कळायचं न्हाई. पयला सोफा पायजे तर एक बोट दाबा, दुसरा तर दोन, तिसरा तर तीन. सूनबाई, तू आधी."

मी टॉवेलाखाली हात घातला. ह्यांचे मिटलेले डोळे आठवले आणि एक बोट दाबलं. मग ह्यांनी हात घातला. मामांनी डोळे बारीक केले. काही वेळ त्यांनी ह्यांचा हात सोडलाच नाही.

"ही म्हणती एक, ह्यो म्हणतोय दोन," त्यांनी दुकानभर जाहीर केलं. "आन् दोघंबी खोटं बोलताय! गड्या, जलम गेला माझा बोटं वळखण्यात. ह्याचा जीव हिरव्यात आन् बोट लाकडात. हिचा जीव लाकडात आन् बोट हिरव्यात. दोघांच्याबी बोटात जोर न्हाई. असला सौदा मी घेत नसतो." मग दुकानदाराकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "तिसरा बांधा. मोराचा. जलमभर बसू द्यात त्याच्यावर."

"नको!"

आवाज दुकानात घुमला. मामी दचकल्या, दुकानदार दचकला आणि मीही दचकले, कारण तो आवाज माझा होता.

"का नगं?" मामा म्हणाले. "मोरानं काय घोडं मारलंय तुझं?"

"मला लाकडी हवाय. रुंद हाताचा. ह्यांना हिरवा आवडला म्हणून मी एक दाबलं."

"आणि मी तुझ्यासाठी दोन दाबली," हे म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मामांच्या घराण्यातला वाटला. "पण खरं सांगू का? त्या लाकडी सोफ्यावर माणूस मुलगी बघायला आल्यासारखा बसतो. घरी दमून आल्यावर जरा बुडता आलं पाहिजे!"

"बुडा की! पण मला हात रुंदच पाहिजेत. नाहीतर मी वह्यांचा गठ्ठा कुठे ठेवू?"

"कसल्या वह्या?"

आता माघार घेता येण्यासारखी नव्हती. "मुलांच्या. लोणंदच्या शाळेतल्या. तपासायच्या वह्या. मला ती नोकरी करायची आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का नाहीत?"

"विचारलं की! तुझं तू ठरव, असं म्हणालो."

"त्याला विचारणं म्हणतात?"

"मी 'कर' म्हणालो असतो, तर तुला वाटलं असतं ह्याला बायकोचा पगार हवाय!"

"आणि मी 'करते' म्हणाले असते, तर तुम्हाला वाटलं असतं हिला घरात करमत नाही!"

"का, नाही करमत?"

"नाही करमत! दिवसभर त्या लोखंडी खुर्च्यांकडे बघत कसं करमेल?"

यावर हे हसले. आधी नुसतेच ओठांत, मग मोठ्याने. मला हसू आणि रडू एकदम आलं. बघते तर मामा-मामी त्या मोराच्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते, मामींच्या पिशवीतलं भडंग मध्ये ठेवून. मामांच्या चेहऱ्यावर लेकीचं लग्न पार पडल्याचं समाधान होतं. "च्या मागवा हो," ते दुकानदाराला म्हणाले, "आमची माणसं बोलाय लागली."

आम्ही लाकडी सोफा घेतला आणि त्याला हिरव्या मखमलीच्या, हातभर जाड गाद्या शिवून घेतल्या. दिसायला तो भयंकर होता. मामांनी तो पुण्याला निघालेल्या हळदीच्या ट्रकमधून पाठवला. पोत्यांच्या संगतीने गाद्यांवर पिवळी झाक आली आणि पावसाळ्यात दमट हवा झाली की आमच्या बाहेरच्या खोलीत मार्केट यार्डाचा वास यायचा. पण सोफा यायच्या आधीच, त्या सोमवारी सकाळी, मी एसटीडी बूथवरून लोणंदला फोन करून होकार कळवला होता. पुढची कित्येक वर्षं त्या सोफ्याच्या डाव्या हातावर माझे वह्यांचे गठ्ठे राहिले, उजव्या हातावर ह्यांचा चहाचा कप, आणि मध्ये आमची भांडणं. भाजीवरून, खिडकीवरून, आकाशवाणी लावायची की टीव्ही, यावरून. बटाटा आमच्या घरात त्यानंतर फारसा शिजला नाही.

मामा शेवटचे साताऱ्याला आले ते छातीच्या दुखण्यातून उठल्यावर. मामी सोबत होत्या. मामांचा आवाज पार बसला होता. फोनला तार का लागते ते आता कळत होतं. सोफ्यावर उशी लावून आम्ही त्यांना टेकवून बसवलं आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून घरात सगळे कुजबुजत बोलू लागलो. मी चहा टाकत होते. हे मागून हळूच म्हणाले, आलं जरा जास्त घाल. मी म्हटलं, बरं. बाहेरच्या खोलीतून मामांचा बारीक आवाज आला, "का रं? गप का झालासा? काय बिनसलंय का तुमचं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मी मोठ्याने म्हटलं, "आलं काय फुकट मिळतं?" हे म्हणाले, "तुझ्या चहाला निदान चव तरी येईल!" आणि आम्ही दोघं ओट्यापाशी उभं राहून, डोळे पुसत, कडाकडा भांडलो. आल्यावरून साखरेवर आलो, साखरेवरून माझ्या माहेरावर. मामीही उठून आत आल्या आणि माझ्या बाजूने भांडू लागल्या. चहा उतू गेला. बाहेर मामा उशीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते, देवळातलं कीर्तन ऐकावं तसे.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. खांद्यावरचा तोच टॉवेल हातावर पसरला. "सौदा कसा झाला, सांग," ते म्हणाले. त्यांचे उपकार मी तोंडाने कधीच मानले नव्हते. आमच्याकडे मोठ्यांचे आभार मानायची रीत नाही, पायांवर डोकं ठेवलं की झालं. मी टॉवेलाखाली हात घातला आणि त्यांची पाचही बोटं मुठीत धरून जितकी दाबता येतील तितकी दाबली.

"आगं, मोडतीस का काय!" मामा म्हणाले. मग मामींकडे वळून हसले. "खरं हाय. जोर हाय बोटात."

सोफा अजून आहे. गाद्या दोनदा बदलल्या, दोन्ही वेळा रंगावरून भांडण झालं आणि दोन्ही वेळा हिरव्याच आल्या. मामा गेल्यावर मामींनी तो टॉवेल मला दिला. मी तो अजून धुतलेला नाही, आणि त्यावरून हे माझ्याशी अधूनमधून भांडतात.